चौदा वर्षांचा हेर ॲलेक्स रायडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसाठी इंग्रजी पुस्तक सुचवा असं कुणी म्हटलं की मी ॲलेक्स रायडरचं नाव घेते. मग हेच प्रश्न येतात, साधारण याच क्रमाने. काही उत्तरांत कथेतली गुपितं फुटतात. तिथे आधी सांगितलं आहे.

ॲलेक्स रायडर कोण? गोष्ट सुरू कुठून होते?

लंडनच्या चेल्सी भागात काकाजवळ राहणारा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा. तो तान्हा असतानाच आईवडील गेले. काका इयन रायडर बँकेत नोकरीला, सतत परदेशी फिरतीवर. घर सांभाळायला जॅक स्टारब्राइट नावाची अमेरिकन तरुणी. ती ॲलेक्सला थोरल्या बहिणीसारखी आहे.

पहिल्या पुस्तकात पहाटे तीन वाजता दारावरची बेल वाजते. दारात पोलिस. काका गाडीच्या अपघातात गेला, सीटबेल्ट लावला नव्हता, असं ते सांगतात. ॲलेक्सला तिथेच खटकतं, कारण सीटबेल्टच्या बाबतीत काका भलता काटेकोर होता. हा एवढासा धागा धरून तो मोडीतल्या गाड्यांच्या आवारात शिरतो आणि काकाची बीएमडब्ल्यू शोधून काढतो. अपघाताची खूण कुठेच नाही, काचेला मात्र गोळ्यांची भोकं. तो गाडीत बसून हे बघत असतानाच क्रेन गाडी उचलते आणि चेपायच्या यंत्रात नेऊन टाकते. ॲलेक्स आतच!

काका बँकवाला नव्हताच, तो ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याचा माणूस होता. लिव्हरपूल स्ट्रीटवरची ती बँक म्हणजे एमआय६च्या एका विभागाचा मुखवटा. काकाचं अर्धवट राहिलेलं काम आता पुतण्याने करावं, अशी तिथल्या साहेबांची इच्छा असते. इच्छा म्हणायचं एवढंच.

ही पुस्तकं कुणी लिहिली?

अँथनी होरोविट्झ या इंग्रज लेखकाने. जन्म १९५५. मुलांसाठी तो १९७९पासून लिहीत होता, दूरचित्रवाणीसाठीही भरपूर लिहायचा. 'फॉइल्स वॉर' ही गाजलेली मालिका त्याचीच. पण नाव झालं ते २००० साली 'स्टॉर्मब्रेकर' आल्यावर, म्हणजे पंचेचाळिशीत. या मालिकेच्या जगभरात दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला या पुस्तकांच्या फार जवळची वाटते. ती त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितली आहे. वडील श्रीमंत. त्यांनी पैसा स्वित्झर्लंडमधल्या गुप्त खात्यांत हलवला, आणि कुठे काय ठेवलंय हे नीट न सांगताच ते वारले. आईने वर्षानुवर्षं शोध घेतला, तो पैसा सापडला नाही. घरातला कर्ता पुरुष अचानक जातो आणि तो नेमका कोण होता हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मागून कळतं. 'स्टॉर्मब्रेकर'चं पहिलं प्रकरण पुन्हा वाचून बघा. लेखक असं काही म्हणत नाही, हा जोड माझा.

एकूण किती पुस्तकं आहेत? कोणत्या क्रमाने वाचायची?

आली त्याच क्रमाने. स्टॉर्मब्रेकर (२०००), पॉइंट ब्लांक (२००१), स्केलेटन की (२००२), ईगल स्ट्राइक (२००३), स्कॉर्पिया (२००४), आर्क एंजल (२००५), स्नेकहेड (२००७), क्रोकोडाइल टिअर्स (२००९), स्कॉर्पिया राइझिंग (२०११). इथे मालिका संपली असं लेखकाने जाहीर केलं होतं. मग २०१३मध्ये 'रशियन रूलेट' आलं. त्यात यासेन ग्रेगोरोविच या मारेकऱ्याचं लहानपण आहे. २०१७मध्ये 'नेव्हर से डाय'ने ॲलेक्सला परत आणलं. त्यानंतर 'सीक्रेट वेपन' हा कथासंग्रह (२०१९), 'नाइटशेड' (२०२०) आणि 'नाइटशेड रिव्हेंज' (२०२३).

'रशियन रूलेट' कालक्रमाने आधीचं म्हणून आधी वाचायची हौस अनेकांना येते. तसं करू नका. यासेन कोण हे आधी ॲलेक्सच्या नजरेतून कळू द्या. इयन रायडरवर गोळी झाडणारा हाच माणूस आहे. तरीही हा आपल्याला का मारत नाही, हे कोडं ॲलेक्सला पहिल्या पुस्तकात पडतं आणि चौथ्यात उलगडायला लागतं.

मधलंच एखादं हाती लागलं तर चालेल?

'पॉइंट ब्लांक' आणि 'स्केलेटन की' सुटी वाचली तरी चालतात. 'स्कॉर्पिया' मात्र आधीच्या चार पुस्तकांशिवाय वाचू नका, निम्मी मजा जाईल.

मुलांना यात एवढं काय आवडतं?

पाठलाग, स्फोट, हवेतून उड्या हे आहेच, आणि ते फर्मास आहे. पण तेवढं शेकडो पुस्तकांत मिळतं. ही मालिका टिकली ती एका वेगळ्याच कारणाने: ॲलेक्सला हेर व्हायचं नाही.

पहिल्याच पुस्तकात तो एमआय६च्या ॲलन ब्लंटला स्वच्छ 'नाही' म्हणतो. ब्लंट करड्या रंगाचा माणूस आहे. करडा सूट, करडा चेहरा. तो आवाज चढवत नाही. जॅकच्या व्हिसाची मुदत संपत आलीय, ती परत अमेरिकेला गेली की तुला सांभाळणारं कुणी नाही, मग तुझी रवानगी अनाथ मुलांच्या संस्थेत होईल, एवढंच तो शांतपणे सांगतो. शेजारी बसलेल्या त्याच्या सहकारी मिसेस जोन्स पेपरमिंटची गोळी तोंडात टाकतात. झालं, भरती झाली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात या ना त्या मार्गाने हेच घडतं. कधी दबाव, कधी गोड बोलणं, कधी 'एवढंच एक छोटंसं काम'. मोठ्यांनी 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' म्हणत स्वतःचं काम काढून घेणं कोणत्या मुलाला ओळखीचं नाही?

दुसरी गोष्ट म्हणजे शाळा. जेम्स बाँड मोहिमेवरून परतला की पुस्तक संपतं. ॲलेक्स परततो तेव्हा ब्रुकलँड शाळेत त्याचा अभ्यास बुडालेला असतो. हजेरीपटावर तो कायम आजारी. खोट्या वैद्यकीय चिठ्ठ्यांचा गठ्ठा झालेला. वर्गातली पोरं कुजबुजतात, काहींना वाटतं हा नशा करतो. खरं तो कुणालाच सांगू शकत नाही, कारण सहीशिक्क्यानिशी तोंड बंद केलंय. टॉम हॅरिस नावाच्या एकाच मित्राला पुढे सगळं कळतं. ही माझी लाडकी पात्रं: ॲलेक्ससारखं काही करण्याची ताकद नसलेला, पण त्याच्यावर विश्वास ठेवणारा टॉम, आणि काहीही झालं तरी जेवायला वाढणारी जॅक.

पहिली नऊ पुस्तकं यायला अकरा वर्षं लागली, ॲलेक्सच्या आयुष्यात मात्र जेमतेम वर्ष सरलं. त्या वर्षात त्याला किती वेळा मारायचा प्रयत्न झाला हे मोजायला गेलं तर हसू येईल. होरोविट्झ ते हसण्यावारी नेत नाही. जखमांचे व्रण राहतात, झोप उडते, मुलगा बोलेनासा होतो. 'आधी तो वेगळा दिसायचा' हे इतरांच्या लक्षात येतं. मला वाटतं, दहा-बारा वर्षांचा वाचक स्फोटांसाठी येतो आणि या गोष्टीसाठी थांबतो, जरी त्याला ती नेमकी सांगता आली नाही.

म्हणजे हा छोटा जेम्स बाँडच ना?

साचा बाँडचा आहे आणि लेखक ते लपवत नाही. श्रीमंत, विक्षिप्त खलनायक; त्याचा एक भयानक साथीदार; डोंगरात किंवा बेटावर अड्डा; जगाला ओलीस धरणारा बेत; आणि नायकाला लगेच गोळी घालायची सोडून सगळा बेत समजावून सांगायची खोड. इयन फ्लेमिंगची बाँडवरची पहिली कादंबरी १९५३ साली आली तेव्हापासूनचा हा ऐवज आहे.

फरक नोकरीचा आहे. बाँड पगारी आहे, स्वखुशीने आलाय, त्याला मारायचा परवाना आहे. ॲलेक्सला पगारही नाही. गंमत म्हणजे पुढे फ्लेमिंगच्या वारसांनी बाँडच्या नव्या कादंबऱ्या लिहायचं काम होरोविट्झलाच दिलं. २०१५, २०१८ आणि २०२२मध्ये त्याच्या तीन बाँड कादंबऱ्या आल्या.

त्याला बंदूक का देत नाहीत?

ब्लंटचा नियम. मुलाच्या हातात पिस्तूल द्यायचं नाही. मुलाला मारेकऱ्यांच्या घरात पाठवायला त्याची हरकत नाही, पिस्तूल द्यायला आहे. सरकारी कारभाराची यापेक्षा चांगली थट्टा मुलांच्या पुस्तकात मी वाचलेली नाही.

लेखकाला यातून मोठा फायदा होतो. बंदूक नसली की डोकं चालवावं लागतं. मग स्मिदर्स येतो, खात्याचा गलेलठ्ठ, दिलखुलास कारागीर, आणि चौदा वर्षांच्या पोराच्या खिशात सापडतील अशाच वस्तू हातात ठेवतो. पहिल्या पुस्तकात यो-यो, ज्याच्या दोरीला माणसाचं वजन पेलतं; मुरुमांचं क्रीम, जे धातू विरघळवतं; आणि गेम बॉय, ज्यात वेगवेगळी कॅसेट घातली की वेगवेगळी कामं होतात. 'स्केलेटन की'मध्ये चघळलं की फुगत जाणारं बबलगम आहे. मुरुमांचं क्रीम हे मला सगळ्यांत हुशार वाटतं: कुठल्याही पहारेकऱ्याने ती ट्यूब हातात घेतली, तरी तो ओशाळून परतच देणार.

गेम बॉय आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत गेला. आजच्या मुलाला ते काय होतं हे सांगावं लागतं. पण कथा अडत नाही.

पुस्तक खाली ठेवता येत नाही असं सगळे म्हणतात. ही किमया कशी साधली?

'पॉइंट ब्लांक'चं पहिलंच प्रकरण घ्या. ॲलेक्स त्यात नाहीच. न्यूयॉर्कमधला एक अब्जाधीश, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. रोज ठरल्या मिनिटाला कचेरीत येतो, स्वतःच्या खास लिफ्टपाशी जातो. आदल्या दिवशी लिफ्टची 'दुरुस्ती' करून कुणीतरी गेलंय, एवढं आपल्याला माहीत. दार उघडतं. आत नेहमीची लिफ्ट दिसते. तो पाऊल टाकतो, आणि पावलाखाली काहीच नसतं. दिसत होती ती लिफ्टची हुबेहूब प्रकाशप्रतिमा होती, खाली मोकळा खड्डा.

बघा, इथे लेखकाने काय केलंय. त्या माणसाची शिस्त, वेळ, सवयी यांवर पानं घालवली. आपण कंटाळायच्या आत कळतं की त्या सवयींनीच त्याला मारलं. आपल्याला धोका आधी दिसतो, पात्राला दिसत नाही. असं प्रकरण तो अनेक पुस्तकांच्या तोंडाशी ठेवतो. 'क्रोकोडाइल टिअर्स'ची सुरुवात तर दक्षिण भारतातल्या एका काल्पनिक अणुवीजकेंद्रात होते, लाच घेतलेल्या एका अभियंत्यापासून. हा वाचणार नाही हे पहिल्या परिच्छेदातच वास यावा तसं जाणवतं.

बाकी हिशेब साधा. छोटी वाक्यं, प्रत्येक प्रकरण अडचणीच्या ऐन क्षणी तोडलेलं, आणि जागेचा नकाशा कायम स्पष्ट. दार कुठे, खिडकी कुठे, पाणी किती खोल हे कळल्यावरच मारामारी सुरू होते. दूरचित्रवाणीत घासलेला हात आहे तो.

खलनायकांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण ते भन्नाट आहेत, आणि त्यांच्याबद्दल तक्रारीही रास्त आहेत.

'स्टॉर्मब्रेकर'मधला हेरॉड सेल ब्रिटनमधल्या शाळांना फुकट संगणक वाटतो, त्यांत देवीच्या रोगाचा विषाणू भरलेला. का? इजिप्तहून आलेला तो पोरगा इंग्रजी शाळेत छळला गेला होता, आणि छळणारा वर्गमित्र आता पंतप्रधान आहे. 'पॉइंट ब्लांक'मधला डॉ. ग्रीफ फ्रेंच आल्प्समध्ये श्रीमंतांच्या बिघडलेल्या मुलांसाठी शाळा चालवतो आणि प्रत्येकाच्या जागी स्वतःचीच एकेक प्रतिकृती घरी पाठवायच्या तयारीत आहे. (आईबाप म्हणतात, किती सुधारला हो आमचा मुलगा!) डेमियन क्रे हा जगाचा लाडका गायक, समाजसेवक, पुरस्कार मिळवलेला. त्याच्याविरुद्ध चौदा वर्षांच्या पोरावर कोण विश्वास ठेवणार? 'ईगल स्ट्राइक'मध्ये एमआय६सुद्धा ठेवत नाही. मला तो या सगळ्यांत जास्त घाबरवतो.

आता तक्रार. सुरुवातीच्या पुस्तकांत वाईट माणूस म्हणजे परदेशी, किंवा चेहऱ्यावर व्रण असलेला, किंवा अंगाने विचित्र, असं फार वेळा होतं. सेलच्या नोकराच्या गालांवर चिरे आहेत, 'स्कॉर्पिया'तल्या नाइलला कोड आहे. शरीरावरची खूण म्हणजे मनातल्या दुष्टपणाची खूण, ही बाँडच्या काळातली वाईट सवय होरोविट्झने तशीच उचलली. सेलच्या बाबतीत तर छळ झालेला परका मुलगाच राक्षस ठरतो. मुलांना वाचायला द्याच, फक्त हे त्यांच्याशी बोला. माझ्या अनुभवात मुलंच ते आधी पकडतात.

किती वर्षांच्या मुलाला द्यावं? हिंसा फार आहे का?

दहा-अकरापासून पुढे. शिवीगाळ जवळजवळ नाही, प्रेमप्रकरण चुंबनाच्या पलीकडे जात नाही. मृत्यू मात्र भरपूर, आणि कल्पक: कुणी जेलीफिशच्या टाकीत, कुणी लिफ्टच्या खड्ड्यात. पहिली तीन-चार पुस्तकं झपाट्याने जातात, भीती गुदगुल्यांसारखी असते.

पुढे रंग गडद होतो. 'स्कॉर्पिया राइझिंग' दहा वर्षांच्या मुलाला देऊ नका. इथे गुपित फुटतं: त्यात ॲलेक्सला खुर्चीला बांधून, जॅक ज्या गाडीतून पळते आहे तिचा स्फोट पडद्यावर बघायला लावतात. शिवाय ॲलेक्सला मोहिमेवर यायला भाग पाडावं म्हणून त्याच्या शाळेवर गोळीबार घडवून आणणारा ब्लंटच होता, हे शेवटी उघड होतं. हे वाचून मोठी माणसंही पुस्तक मिटून बसतात.

माझा मुलगा पुस्तकाला हात लावत नाही. त्याला हे चालेल?

चालण्याची शक्यता बरीच. जबरदस्तीने पहिल्या पानापासून बसवू नका. माझ्या भाच्याला मी 'पॉइंट ब्लांक'मधलं एकच प्रकरण वाचायला दिलं: ॲलेक्स ग्रीफच्या शाळेतून सुटायला इस्त्रीच्या फळीची स्नोबोर्ड बनवतो आणि तिच्यावर उभा राहून रात्री बर्फाच्या उतारावरून घसरत सुटतो, मागे मोटारस्लेज घेतलेले रखवालदार. प्रकरण संपल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. खरंच फळीवरून असं घसरता येतं का, आणि तो तिथे पोचला कसा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, पुस्तक दिलं. पहिल्याचं उत्तर त्याने घरच्या फळीवर शोधायचा प्रयत्न केला, तो विषय वेगळा.

चित्रमय आवृत्त्याही आहेत. अँटनी जॉन्स्टनने त्यांचं रूपांतर केलंय, सुरुवातीच्या पुस्तकांची चित्रं कनाको आणि युझुरू यांची. शब्दांचा कंटाळा असलेल्यांनी तिथून यावं.

मुलींना आवडतं का?

आवडतं, मला आवडलं तेव्हा मी शाळेतच होते. पण सुरुवातीच्या पुस्तकांत मुली कमी आहेत हे खरं. ॲलेक्सची मैत्रीण सबीना प्लेझर आहे आणि ती चांगली आहे, हजरजबाबी, ॲलेक्सचं गुपित कळल्यावर आधी त्याला खोटारडा समजणारी. तरी ती प्रत्येक पुस्तकात नाही. मिसेस जोन्स हे पात्र मात्र हळूहळू उलगडत जातं, आणि पुढच्या पुस्तकांत तिचीच बाजू सगळ्यांत गुंतागुंतीची होते. त्यासाठी धीर धरावा लागतो.

इंग्रजी अवघड आहे का?

नाही. मराठी माध्यमातला आठवी-नववीतला मुलगा थोडं अडखळत वाचू शकतो. यंत्रांची नावं अडली तर सोडून द्यायची, पुढच्या ओळीत स्फोट झाला की अर्थ कळतो.

खऱ्या जगात मुलांना हेर करतात का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर वाटतं तितकं हसण्यासारखं नाही.

एमआय६ची सुरुवात १९०९ची, पण तिचं अस्तित्व कायद्याने मान्य झालं ते थेट १९९४मध्ये. मुख्यालय लंडनमध्ये थेम्सच्या काठी व्हॉक्सहॉल क्रॉसला आहे, सगळ्यांना दिसेल अशा हिरव्या-पिवळट इमारतीत. लिव्हरपूल स्ट्रीटची बँक काल्पनिक. वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत कमांडो प्रशिक्षण होतं हे खरं, तिथे चौदा वर्षांच्या मुलाला पाठवणं खोटं. (त्या प्रकरणात ॲलेक्सला 'कब' म्हणजे 'पिल्लू' असं टोपणनाव पडतं, आणि त्याचा छळ करणारा वुल्फ विमानाच्या दारात गारठतो तेव्हा ॲलेक्स त्याला लाथ घालून बाहेर ढकलतो. पॅराशूट असतं हो.)

पण अठरा वर्षांखालच्या मुलांना खबरी म्हणून वापरायची मुभा ब्रिटनच्या कायद्यात खरोखर आहे. परदेशी मोहिमांसाठी नव्हे. टोळ्या, अमली पदार्थ, मुलांचं शोषण अशा तपासांत, जिथे मूल आधीच त्या जाळ्यात अडकलेलं असतं. त्यासाठीचा खास आदेश निघाला तो २०००मध्ये, 'स्टॉर्मब्रेकर'च्याच वर्षी. सोळा वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या आईवडिलांविरुद्ध वापरता येत नाही, असं बंधन त्यात आहे. सुरुवातीला परवानगी एका महिन्याची असायची. २०१८मध्ये ती चार महिन्यांची केली, तेव्हा ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात यावरून बराच गदारोळ झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंतही गेलं. तिथे वापरले गेलेले युक्तिवाद मी वाचले तेव्हा ब्लंटचा करडा चेहराच डोळ्यांपुढे आला. मूल तिथे आहेच, माहिती त्याच्याकडेच आहे, काळजी आम्ही घेऊ.

म्हणून मुलाने विचारलं तर 'छे, काहीतरीच' म्हणून उडवून लावू नये.

सिनेमा बघावा की मालिका?

मालिका. २००६च्या 'स्टॉर्मब्रेकर' सिनेमाची पटकथा होरोविट्झनेच लिहिली होती, नावंही मोठी होती: ॲलेक्स पेटिफर, युअन मॅकग्रेगर, बिल नाय, मिकी रूर्क. तरी तो भिरभिऱ्यासारखा फिरतो आणि कुठेच टेकत नाही. अमेरिकेत तर मोजक्याच पडद्यांवर लागला. पुढचे भाग निघाले नाहीत.

२०२०ची मालिका गाय बर्टने लिहिली, ऑटो फॅरंटने ॲलेक्स केला. वय थोडं वाढवलंय, करामती वस्तू जवळपास काढून टाकल्यात, उजेड कमी आणि गप्प बसणं जास्त. पहिला भाग 'पॉइंट ब्लांक'वर, दुसरा (२०२१) 'ईगल स्ट्राइक'वर, तिसरा (२०२४) 'स्कॉर्पिया'वर. प्रत्येकी आठ प्रकरणं, आणि तिथे संपली. कायरा ही नवी मुलगी त्यांनी आणली, पुस्तकातली उणीव ओळखून. स्टीफन डिलेनचा ब्लंट बघाच: माणूस कागदावर सही करावी तशा सुरात मुलाला मरणाच्या दारात पाठवतो.

स्मिदर्स आणि यो-योसाठी जीव टाकणाऱ्या लहानग्यांची मात्र निराशा होईल.

हे सगळं वाचून झालं. पुढे काय?

रॉबर्ट मुचामोरची 'चेरब' मालिका, २००४पासूनची. तिथे मुलांचं हेरखातंच आहे, अनाथ मुलांना घेऊन प्रशिक्षण देणारं. भाषा रांगडी, प्रसंग थोराड, म्हणून तेरा-चौदानंतर. चार्ली हिगसनने १९३०च्या दशकातला शाळकरी जेम्स बाँड रंगवला, पहिलं पुस्तक २००५चं. संथ पण देखणं.

आणि हिंमत असेल तर किपलिंगचं १९०१चं 'किम'. लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला अनाथ गोरा पोर, ज्याला इंग्रज सरकार हेरगिरीत ओढतं. त्यात सिमल्याच्या एका दुकानात तबकातली रत्नं क्षणभर बघून झाकून ठेवतात आणि किमने ती आठवून सांगायची असतात. तो खेळ स्काउटच्या मुलांपर्यंत पोचला. साम्राज्याबद्दलचं किपलिंगचं प्रेम आज घशाखाली उतरत नाही. पण ॲलेक्सचा पणजोबा हाच. अनाथ, चलाख, आणि मोठ्यांच्या डावातलं प्यादं.

आपल्याकडचा फास्टर फेणे या घराण्यातला नव्हे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा, बन्या, स्वतःहून भानगडीत नाक खुपसतो, 'ट्टॉक्' करतो आणि सुटतो. त्याला कुणी कामाला जुंपत नाही. दोघं पाठोपाठ वाचले की हा फरक मजेदार दिसतो, आणि बन्या किती सुखी आहे तेही कळतं.

'स्कॉर्पिया राइझिंग'पाशी थांबावं, की पुढे वाचावं?

पुन्हा गुपित. त्या पुस्तकाच्या शेवटी ॲलेक्स सबीनाच्या घरच्यांबरोबर अमेरिकेत राहायला जातो, आणि मिसेस जोन्सच्या हाती कारभार येतो. तो शेवट कडू आहे आणि सच्चा आहे. 'नेव्हर से डाय' त्यातलं सगळ्यांत मोठं दुःख पुसून टाकतं: जॅक जिवंत असते.

माझ्यातली समीक्षक म्हणते, २०११लाच थांबायला हवं होतं. पण 'नेव्हर से डाय' हाती आलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागले, आणि ती सापडेपर्यंत दिवा मालवला नाही.